देठावरून गोत्र

जेवण झाल्यावर उगाच बागेत चक्कर मारली, तर भोपळ्याच्या मिटलेल्या फुलातून गुणगुण येत होती. ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. आतल्या बाईंना वेळेचं भान राहिलं नसावं. पिळलेल्या पाकळ्या बोटानं सोडवल्या. पिवळ्या परागानं माखलेली मधमाशी बाहेर आली, पाय झाडले आणि शेजारच्या झुकिनीकडे गेली. तिथेही दुकान बंद. पण सकाळी तिनं काय उद्योग केले असतील ते मला माहीत आहे, कारण पलीकडेच शोभेच्या मुठीएवढ्या भोपळ्यांचा वेल आहे आणि तो झुकिनीच्याच प्रजातीतला, पेपो.

शेजारच्या वेलाचा पराग लागला तरी यंदाच्या फळाला काही होत नाही. ते आईच्याच वळणावर जातं. घोळ होतो तो बियांत, आणि कळतो पुढच्या वर्षी.

घोळ नको असेल तर आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या दोऱ्यानं बांधायच्या, सकाळी नराचा पराग मादीला लावायचा, पुन्हा बांधायचं. मादी ओळखणं सोपं, फुलाखाली बोटाच्या पेराएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. मी बांधते, पण मनापासून नाही.

माझा खरा हट्ट देठाचा. लोक रंग बघतात, आकार बघतात, बोटानं टिचकी मारतात. मी देठ बघते, त्यावरून भोपळ्याची प्रजाती कळते. गोल, जाड, बुचासारखा मऊ असेल तर मॅक्सिमा. कडक, पाच धारांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरलेला असेल तर मॉश्चाटा, बटरनट त्यातलाच. टणक, खाचांचा, पण तळाशी फारसा न पसरणारा तो पेपो. २०२३ साली अमेरिकेत जवळजवळ १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला, तेव्हा फोटोत सगळे त्याचा घेर बघत होते. मी देठ शोधत होते. मॅक्सिमाच निघाला. दुसरं कोण इतकं फुगणार!

लहानपणी ताईनं खिळ्यानं कोवळ्या भोपळ्यावर माझं नाव कोरलं होतं, दोनच अक्षरं, बारीक. ओरखड्यातून चीक आला, सुकला, खपली धरली. फळ वाढलं तशी अक्षरं वाढली, फुगीर, खरखरीत, एकमेकांपासून लांब लांब गेलेली. शेवटी डोळे मिटून हातानं वाचता यायची. तो भोपळा कापू द्यायला मी तयार नव्हते. कापला, अर्थात. कोणी कापला ते आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि ताईचा चेहरा मात्र हा विषय निघाला की फार निरागस होतो.

खताच्या खड्ड्यातून दर पावसाळ्यात एखादा वेल आपणहून उगवतो. लावलेल्या वेलांवर भुरी पडते, तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात, आणि हा बेवारशी मात्र कुंपणावर चढून बसतो. मला तोच आवडतो. यंदा त्याला फळ धरलंय, हिरव्यावर पांढरे पट्टे, देठ पेपोचा. बाप झुकिनी की तो शोभेचा, सांगता येत नाही. तोडला की आधी कच्च्या फोडीचं टोक जिभेला लावून थुंकणार. कडू लागला तर सगळाच्या सगळा फेकून द्यायचा. तो कडूपणा म्हणजे विष, शिजवून जात नाही.

गोड निघाला तर बी ठेवीन.