टेबलापलीकडचा माणूस बोलता करायचा तर

नागपुरातल्या सरकारी कार्यालयाच्या जनसंपर्क शाखेत इंटर्न म्हणून रुजू झालं की गृहपत्रिकेसाठी, म्हणजे कार्यालयाच्या स्वतःच्या अंकासाठी, कर्मचाऱ्यांच्या मुलाखती हे काम ठरलेलंच. त्यात सगळ्यात महागात पडते ती प्रश्नांचा कागद घेऊन थेट टेबल गाठायची घाई. नागपुरात राज्याची कार्यालयं आहेत तशी भारतीय खाण ब्युरोसारखी केंद्राचीही आहेत. राज्याच्या कर्मचाऱ्याला 1979चे वर्तणूक नियम लागू, केंद्राच्या कर्मचाऱ्याला 1964चे. दोन्हीकडे शासनाच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही आणि कार्यालयीन माहिती तसा अधिकार नसताना बाहेर देता येत नाही. त्यामुळे अनोळखी पोरगं मोबाइल पुढे धरून बसलं की माणूस आवरून बोलणारच.

म्हणून आधी एका पानाची टिपणी. कोणाशी बोलायचं, कशासाठी, कुठे छापायचं, फोटो लागणार का आणि छापण्याआधी मजकूर कोण तपासणार, एवढं पुरे. ती जनसंपर्क अधिकाऱ्यांमार्फत कार्यालय प्रमुखांकडे जाते. मंजुरीची प्रत कर्मचाऱ्याला आणि त्याच्या शाखाप्रमुखाला द्या. शाखाप्रमुखाला वगळलंत तर मुलाखतीच्या दिवशी नेमकी 'अर्जंट' फाइल निघते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचं काम आणि मार्चअखेरीस हिशेबाची धावपळ, या दोन वेळा टाळाच. दिवसातली बरी वेळ म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचा पाऊण तास. सकाळी टपाल असतं आणि साडेपाचनंतर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

आता प्रश्न. 'तुम्हाला या कामातून काय समाधान मिळतं?' असं विचारलंत की उत्तर येतं, 'समाधान कायचं भाऊ, ड्यूटी करून राहिलो.' मुलाखत तिथेच संपली. त्याऐवजी टेबलावरचा एखादा कागद विचारा. आवक शाखेत बसला असाल तर: हा अर्ज आत्ता आला, याचं पुढे काय होतं? मग तो सांगतो, शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत क्रमांक टाकायचा, पोच द्यायची, विषय बघून कार्यासनाला, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाला, पाठवायचा. इथे थांबवून विचारा की विषयच लिहिलेला नसेल तर? खरी मुलाखत इथून सुरू होते. कारण अर्ज वाचून तो कुठल्या टेबलाचा हे ओळखणं हीच त्याची वर्षानुवर्षांची कमाई असते, आणि ते त्याला कोणी कधी विचारलेलं नसतं.

रुजू झाल्याची तारीख सुरुवातीला विचारा. ती बहुतेकांना तोंडपाठ असते आणि जीभ सैल होते. बदली, पदोन्नती, चौकशी, न्यायालयात असलेली प्रकरणं यांना हात लावू नका. त्यानेच विषय काढला तर ऐकून घ्या, लिहू नका.

ध्वनिमुद्रणाआधी तसं सांगून होकार घ्या. एप्रिल ते जून नागपुरात खरा शत्रू कूलर. फोन टेबलावर ठेवला की कूलरची घरघर आवाज गिळून टाकते, आणि कूलर बंद करा म्हणण्याची सोय नसते. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक वापरा, माणसाची पाठ कूलरकडे येईल असं बसवा. जमलं तर अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या फायली ठेवतात त्या खोलीत जा. गठ्ठ्यांनी भरलेल्या रॅकमुळे तिथे आवाज घुमत नाही. धुळीचा त्रास असणाऱ्याला मात्र नेऊ नका. वीस मिनिटांच्या बोलण्याचे दोन हजारांच्या पुढे शब्द होतात, छापायचे असतात चारशे. त्यामुळे तासभर घेण्यात काही हशील नाही.

फोटो काढताना चौकटीत काय येतंय ते पाहा. टेबलावरच्या अर्जावरचा आधार क्रमांक, संगणकाच्या पडद्यावरचं उघडं पत्र, काचेखाली ठेवलेली फोन नंबरांची यादी हे सगळं मोठं करून वाचता येतं.

मजकूर छापील कागदावर कर्मचाऱ्याला वाचायला द्या. दुरुस्ती नाव, पदनाम, तारखा आणि कामाची पद्धत एवढ्यापुरतीच, हे आधीच स्पष्ट करा, नाहीतर तो साहेबांचे आभार मानणारा परिच्छेद घालून देतो. 'कनिष्ठ'चं 'वरिष्ठ' झालेलं मात्र नक्की पकडतो. प्रत्येक पानावर सही घेऊन प्रत फाइलला लावा. मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आला असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी पुन्हा तपासा. 'कार्यालय', 'वर्मा', 'शिरीष' असे शब्द तिथेच मोडतात, आणि सही झालेल्या प्रतीत ते बरोबर असल्यामुळे दुसऱ्यांदा कोणी पाहत नाही.