मोपा ते नवी मुंबई: सव्वा तास आणि आमचा चिंचपाडा

बहिणीचं सासर बांद्याजवळ. तिच्याकडे जायचं म्हणजे पनवेलहून रात्रीची कोकणकन्या आणि सकाळी सावंतवाडी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. या वेळीही जाताना तसेच गेलो. चार दिवस सोलकढी, तिरफळं घातलेला बांगडा आणि भाच्यांचा दंगा. परतताना मात्र बाबांना गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट नवी मुंबईला विमानाने आणलं. वय एकोणऐंशी, आयुष्यातलं पहिलंच विमान. आणि ते उतरणार होतं आमच्याच गावात.

चिंचपाडा आमचं गाव. विमानतळासाठी दहा गावं-पाडे उठले, त्यातला एक. आता आम्ही जवळच वडघरला, पुनर्वसनाच्या जागेत राहतो.

तिकिटावर वेळ सव्वा तास. हवाई अंतर जेमतेम 370 किलोमीटर. बाबांनी विचारलं, "एवढ्या जोरात जातं, तर अर्ध्या तासात का नाय पोचत?" प्रश्न बरोबर होता. पण तो सव्वा तास एका विमानतळाच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्याच्या जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, वर चढायचं, खाली यायचं, उतरायला आपल्या पाळीची वाट बघायची. इतक्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडणं थोडाच वेळ.

खिडकीसाठी जादा पैसे भरले होते. दहापट मागितले असते तरी भरले असते.

कर्नाळ्याचा सुळका दिसला तसे बाबा सरळ बसले. मांडीवरची कोकमाची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली आणि दोन्ही तळवे काचेला लावले. विमान पनवेलच्या बाजूने वळत होतं. ते उलव्याचा डोंगर शोधत होते. तो तर कापून सपाट केला. उलवे नदीही वळवली. खाली लांबलचक धावपट्टी आणि करडी जमीन. मग त्यांना गाढी नदीचं वळण दिसलं. काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हितंच कुठंतरी व्हतं." बोट थरथरत होतं. चाकं टेकली तरी ते काचेवरच होतं.

या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 24 जून 2021 ला हेच बाबा बेलापूरच्या मोर्चात दिवसभर उन्हात उभे होते. 1984 च्या जमीन आंदोलनात जासईला झालेल्या गोळीबाराबद्दल ते अजून आवाज खाली आणून बोलतात.

आणि मग बाहेर आल्यावर टॅक्सी. तिघांनी फेरी घेतली आणि वडघर वाचून रद्द केली. चौथा समोर येऊन म्हणाला, "एवढ्या जवळ परवडत नाही." मला मनापासून राग आला. आमची जमीन गेली म्हणूनच आमचं घर एवढं जवळ आहे, हे त्याला कुठून कळणार! वयस्कर माणूस बरोबर असेल तर घरच्या कुणाला तरी आधीच बोलवून ठेवा. मी ठेवलं नाही, आणि बाबांना ताटकळत उभं राहावं लागलं.

शेवटी धाकट्या भावाला फोन केला. तो गाडी घेऊन आला तेव्हा विमान उतरून सव्वा तास होत आला होता. बाबा पुढे बसले, पट्टा लावायच्या आधीच त्याचा हात धरला.

"गाढी दिसली रे वरून," म्हणाले.