काळ्या थराखालचा पक्षी

कागदावरच्या जुन्या चित्रांची दुरुस्ती आणि जतन हे माझं काम, आणि मी ते नेदरलँड्समध्ये हार्लेमला करते. गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध गृहस्थांनी अठराव्या शतकातलं एक डच जलरंगचित्र आणलं. त्यावर सही नव्हती. पाण्याकाठी एक बदक, पण डोकं, मान, छाती सगळं करडं-काळं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'काळं बदक' म्हणत. "फ्रेम तेवढी नवी करून द्या," एवढंच त्यांचं मागणं.

चित्र तिरप्या उजेडात धरलं तर काळ्या भागावर धातूसारखी झाक येत होती. शाईला किंवा काजळीला अशी झाक येत नाही. शिशाचा सफेदा काळवंडला की मात्र येते.

हा सफेदा त्या काळी चित्रकारांचा नेहमीचा पांढरा रंग. तेलात तो टिकतो, पण जलरंगात त्याला तेलाचं कवच नसतं. गॅसच्या दिव्यांतून, दगडी कोळशाच्या धुरातून गंधकयुक्त वायू येतो आणि शिशाचं काळं सल्फाइड बनतं. म्हणजे चित्र एकोणिसाव्या शतकात कधीतरी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेलं असणार. त्याआधीचे डच संग्राहक अशी चित्रं सहसा अल्बममध्ये ठेवायचे आणि मित्र जमले की एकेक पान उलटून बघायचे. अंधारात, बंद पानांत राहिल्यामुळेच डच चित्रकार आर्ट स्खाउमनच्या (१७१०–१७९२) कितीतरी पक्ष्यांचे रंग आजही टवटवीत आहेत. डच राजपुत्र पाचव्या विल्यमच्या प्राणिसंग्रहालयातले पक्षी तो समोर बघून काढायचा. त्या संग्रहाची व्यवस्था आर्नाउट फोस्मारकडे होती. पेंढा भरलेले पक्षी तेव्हा किडे खाऊन टाकत, त्यामुळे पक्ष्याचा रंग टिकवायचा तर भरवसा कागदाचाच. १७९५ मध्ये राजपुत्र इंग्लंडला पळाला, फ्रेंचांनी त्याचा संग्रह पॅरिसला नेला. ही चित्रं बघताना मला ते नेहमी आठवतं.

चित्रामागे जाड पुठ्ठा चिकटवलेला होता. गोंद जेलने हळूहळू ओला करत तो सोडवायला दुपार झाली. कागद उजेडावर धरला तेव्हा कागद बनवणाऱ्या होनिख घराण्याच्या कागदावर असतं तसं मधमाश्यांच्या पोळ्याचं जलचिन्ह दिसलं. पाठीमागे तपकिरी शाईत पक्ष्याचं नाव होतं आणि खाली एक छोटा गोल शिक्का, कुण्या संग्राहकाचा. नाव होतं स्म्यूचं. या बदकाचा नर जवळजवळ पांढराशुभ्र असतो, हिवाळ्यात इथल्या गोड्या पाण्यावर उतरतो. मी सरळ मालकांना फोन लावला. "तुमचं काळं बदक पांढरं आहे," म्हटलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

क्ष-किरण तपासणीत काळ्या भागात शिसं सापडलं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने काळ्या सल्फाइडचं पांढरं सल्फेट होतं. पण माझी खरी काळजी पाठीमागच्या शाईची होती. ती लोहयुक्त शाई, आणि लोखंड व पेरॉक्साइड एकत्र आले की कागदाचे तंतू कुजतात. म्हणून अक्षरं नेमकी कुठे येतात ते पुढच्या बाजूने मोजून घेतलं. ती पायांच्या खाली, पाण्यात येत होती, छातीपासून लांब. तेव्हाच धीर झाला.

सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक कुंचल्याने, एका वेळी टाचणीच्या डोक्याएवढा भाग. करडेपणा विरत गेला आणि छातीच्या बाजूने दोन नाजूक काळ्या रेघा पुढे आल्या. त्या काजळीच्या, चित्रकाराच्या हातच्या. पेरॉक्साइडचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. डोळ्याभोवतीचा काळा डागही तसाच राहिला. धुरानं आणलेला काळा गेला, चित्रकारानं रंगवलेला तेवढा उरला. अशा दिवसांसाठीच मी या कामात आहे.

मालक आले तेव्हा चित्र मी टेबलावर ठेवलं होतं. "माझ्या वडिलांनी हे कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. मग शिक्क्याबद्दल विचारलं. संग्राहकांच्या शिक्क्यांची फ्रिट्स लुग्टची १९२१ ची सूची अशा वेळी पहिला आधार असते. त्यात मी शोधलं होतं, पण हा शिक्का सापडला नव्हता.

फ्रेम नकोच, असं मी सुचवलं. आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा बनवून दिला. पाठीमागचा मजकूर वाचता यावा म्हणून खालच्या पुठ्ठ्यात खिडकी कापली. कोणत्या जागी सफेद्याचं सल्फेट झालं आहे त्याचा नकाशा अहवालात जोडला, म्हणजे पुढे ज्याच्या हातात हे चित्र येईल त्याला तो पांढरा मूळचा सफेदा वाटायला नको.