आईच्या डोळ्यातली नळी

काचबिंदूसाठी बिनझडपेची नळी बसवली आणि दुसऱ्या दिवशीही डोळ्याचं प्रेशर तेवढंच निघालं, तर घाबरू नका. हे कुणीतरी साध्या मराठीत लिहायला हवं, म्हणून लिहितेय.

आईचा काचबिंदू जुना. उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टोमी आधीच झाली होती. त्यात बुबुळाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या भागात छोटंसं झाकण करून डोळ्यातल्या पाण्याला वाट काढून देतात. पण ही जखम पूर्ण भरून यायला नको असते! ती भरू नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतात, तरी आईची वाट बुजलीच. तीन प्रकारचे थेंब, शिवाय डायमॉक्सच्या गोळ्या, त्यांनी बोटांना सतत मुंग्या. आणि एवढं करून प्रेशर 34. साधारण 10 ते 21 असायला हवं.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. "मावशी, इथे पुन्हा तेच ऑपरेशन टिकायची खात्री कमी. नळी घालू."

नळीत दोन प्रकार. अहमद व्हॉल्व्हमध्ये झडप असते, त्यामुळे प्रेशर लगेच उतरतं. दुसरी मदुराईच्या ऑरोलॅबची, आडी म्हणतात तिला. परदेशी नळ्यांपेक्षा खूपच स्वस्त. हिच्यात झडप नाही. आईला हीच बसवली. सिलिकॉनची 350 चौरस मिलिमीटरची चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला, स्नायूंखाली बसते आणि नळीचं टोक पुढे बुबुळामागे येतं. पहिल्या दिवसापासून पाणी मोकळं वाहिलं तर डोळा पार मऊ पडेल, म्हणून नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारतात. पाच-सहा आठवड्यांत दोरा विरतो, तोवर चकतीभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं आणि पाणी बेताने झिरपतं. तेवढे दिवस जुने थेंब चालूच ठेवायचे. शेजारच्या खाटेवरच्या काकांना मधुमेहामुळे डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, त्यांना आधी डोळ्यात इंजेक्शन, पडद्याला लेझर आणि मग व्हॉल्व्ह. पाणी तयार करणारा भागच लेझरने भाजायचा पर्यायही असतो, पण भाजलेलं परत येत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो आईसाठी मागे ठेवला.

नळी पापणीखाली उघडी पडू नये म्हणून तिच्यावर नेत्रदानातून आलेल्या पांढऱ्या पडद्याचा तुकडा शिवला. हे कळल्यावर आईने स्वतःचा नेत्रदानाचा अर्ज मागून घेतला. काचबिंदू असला तरी नेत्रदान करता येतं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, "डोळा हलका झालाय गं, पण धुरकट दिसतंय." तडक दवाखाना गाठला. प्रेशर 8. गाठ सुटली होती. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला, थेंब बदलले. हळूहळू धूसरपणा गेला. आता एका थेंबावर 13-14 राहतं.

मामा विचारतो, "मग नजर का नाही वाढली?" काचबिंदूने गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. दाराची उजवीकडची चौकट दिसत नाही, ती आईला अजूनही लागते. पण खिडकीत बसून तांदळातले खडे ती स्वतः निवडते, आणि तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मला पटतो. नळीचं टोक बुबुळाच्या आतल्या थराला लागत नाही ना, हे मात्र आयुष्यभर बघत राहावं लागणार.

सख्ख्या नात्यात काचबिंदूचा धोका जास्त. मामा "मला काही होत नाही" म्हणतो. आईलाही काही होत नव्हतं. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर नेणार आहे, मी आणि दादाही डोळे दाखवून घेणार.