कोंबडीवाल्यांचा क्लब

"मामा, तुमचा क्लब कोंबडीवाल्यांचा," असं म्हणून भाचा मला चिडवतो. मला राग येत नाही. मीही कोंबडीवालाच आहे. नवापूरला माझे दोन शेड आहेत, दहा हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या. गाव असं की रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आणि माझा क्लब इंग्लंडमधला, फुटबॉलचा: ब्लॅकबर्न रोव्हर्स.

खानदेशात इंग्लिश फुटबॉल बघणारे नाहीत असं नाही. पण ते सगळे भाच्याच्या वयाचे आणि त्यांचे क्लब ठरलेले, चार-पाच. साक्री ते नवापूर या पट्ट्यात ब्लॅकबर्नवाला मी एकटाच असणार. दुसरा कोणी असेल तर त्याने कोंडाईबारीच्या घाटात गाडी थांबवावी, चहा माझ्याकडून.

हे लागलं कसं ते सांगतो. 2006च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. लाखो पक्षी मारून पुरले गेले. आमचा एकही उरला नाही. त्यानंतर रिकाम्या शेडमध्ये जी शांतता होती तिच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. पुन्हा उभं राहायला चार वर्षं गेली, आणि नेमकी तेव्हा, 2010च्या नोव्हेंबरात, पेपरात बातमी आली की पुण्याच्या व्यंकीजने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतला, ब्लॅकबर्न क्लब विकत घेतला. आमच्या धंद्यात हे नाव म्हणजे पिल्लं, लस, खाद्य. गावाचं नाव काढलं की लोक तोंडाला रुमाल लावायचे, अशा गावातल्या मला वाटलं, बघा, कोंबडी इंग्लंडला पोचली! फुटबॉलला मी जन्मात लाथ मारली नव्हती. पण क्लब ठरला तो ठरला.

मग वाचत गेलो. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं सुती कापडाच्या गिरण्यांचं गाव. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, या गिरण्यांचे माग बंद पडले आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. म्हणजे ओळख जुनी आहे, आम्हालाच माहीत नव्हती.

यंदाच्या दिवाळीत धुळ्याला ताईकडे होतो. ताईने शेवभाजी केली होती, अशी की डोळ्यांतून पाणी यावं. भाचा सीएची आर्टिकलशिप करतो आणि मँचेस्टर सिटीचा भक्त आहे. तर्रीत भाकरी कुस्करता कुस्करता त्याने सुरुवात केली. "मामा, पैसा शे तं बठ्ठं शे." म्हणजे पैसा असला की सगळं आलं. आणि उदाहरण हातात तयार. 2008 मध्ये अबुधाबीचा पैसा आला. त्याआधी सिटी म्हणजे मधूनमधून खालच्या लीगची वारी करणारा क्लब. 2012 ला पहिलं प्रीमियर लीग विजेतेपद, आणि 2021 ते 2024 सलग चार, जे इंग्लंडात त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं.

मी म्हटलं, पैसा आमच्याकडेही आला की. मग आम्ही बुडालो कसे?

इथे जरा मागे जावं लागेल, कारण ब्लॅकबर्नमध्ये पैसा दोनदा आला. पहिल्यांदा 1991 मध्ये, जॅक वॉकरचा. हा गावातलाच माणूस, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला, लहानपणापासून याच क्लबचा. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता. वॉकरने आधी महागडे खेळाडू विकत घेतले नाहीत, आधी माणूस आणला: केनी डॅल्ग्लिश, लिव्हरपूलला विजेतेपदं मिळवून दिलेला मॅनेजर. मग त्याने मागितले ते खेळाडू. 1992 ला ॲलन शिअरर, 33 लाख पौंडांचा ब्रिटिश विक्रम करून. 1994 ला ख्रिस सटन, 50 लाख देऊन पुन्हा विक्रम. 1995च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरला, तरी तिकडे मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकला म्हणून चॅम्पियन झाला. हरलेल्या दिवशी ट्रॉफी. असा क्लब मला मिळाला नसता तरच नवल.

दुसरा पैसा 2010 चा, व्यंकीजचा, सुमारे 2.3 कोटी पौंडांत क्लबच घेतला तो. महिना व्हायच्या आत मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं. संघ तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे या क्लबाच्या मानाने ठाकठीक. त्याच्या जागी प्रशिक्षकांपैकीच स्टीव्ह कीनला बसवलं, ज्याने आधी कधी मुख्य जबाबदारी घेतलेली नव्हती. खरेदीच्या वेळी सल्ला देणाऱ्यांत खेळाडूंच्या एजंटांचा हात होता, हे तेव्हापासून इंग्लंडात लोक बोलत आले आहेत. मध्येच खेळाडूंना बसवून कोंबडी खातानाची जाहिरात केली. मला ती फार आवडली होती, खोटं कशाला बोलू. 2012च्या मे महिन्यात विगनकडून हरून संघ खालच्या श्रेणीत गेला, त्या सामन्यात लोकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, क्लबाचा झेंडा पांघरून. बिचारी. प्रक्षेपणात तिच्याकडे बघून मी पहिल्यांदा विचार केला की ही कुठल्या जातीची असावी.

पुढचा हंगाम तर काय सांगावा. हेनिंग बर्ग नावाचा मॅनेजर 57 दिवस टिकला. मग मायकेल ॲपलटन, 67 दिवस. मी शेडमध्ये बसून हसत होतो. "बॅच अर्धी असताना कोणी सुपरवायझर बदलतं का?"

आणि पुढच्याच पावसाळ्यात मी तेच केलं.

2013 ला मला भांडवल हवं होतं. एक भागीदार मिळाला, बाहेरगावचा, कापडाच्या धंद्यातला, पैसेवाला, बोलायला गोड. माझ्याकडे तेव्हा आप्पा होते. पिंपळनेरकडचे, अंगठेबहाद्दर, पण पक्ष्यांतला जाणता माणूस. रात्री दिवे गेले की आप्पा अंधारात दहा मिनिटं उभे राहतात आणि फक्त ऐकतात. कोंबडी दिवसा आजार लपवते, रात्री तिचा श्वास खुरखुरतो. त्या आवाजावरून आप्पा सकाळी डॉक्टर बोलवायचा की नाही ते ठरवतात. भागीदाराने पहिल्याच महिन्यात विचारलं, "या म्हाताऱ्याला एवढा पगार कशाचा? कान लावून उभं राहण्याचा?" त्याच्या नात्यातला एक डिप्लोमावाला पोरगा आला. आप्पा काही न बोलता डबा घेऊन गेले. मी त्यांच्यामागे गेलो नाही.

पोराने स्वस्तातला मका भरला, भर पावसात, बुरशी धरलेला. खाद्य एका दिवसात बदललं. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. 92 टक्क्यांवर चालणारं उत्पादन तीन आठवड्यांत 70 च्या खाली. मग दुसरा सुपरवायझर, मग तिसरा. पाच महिन्यांत तीन. मरतूक वाढली ती वेगळीच. भागीदार हिशेब करून निघून गेला आणि कर्ज माझ्या नावावर राहिलं. बर्ड फ्लूचा दोष मला देता येत नाही, याचा देता येतो.

हे सगळं भाच्याला माहीत आहे, म्हणून त्याने ते बाजूला ठेवून सीएवाला डाव टाकला. "मामा, पण सिटीने मॅनेजमेंटही पैशानेच आणली ना? 2012 ला आधी बार्सिलोनाचा कारभार बघितलेले सोरियानो आणि बेगिरिस्ताइन आणले, चार वर्षांनी त्यांच्यामागून मॅनेजर ग्वार्डिओला आला. म्हणजे शहाणपणही विकत मिळतं."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. एवढंच म्हटलं की शहाणपण विकत मिळतं, पण ते कुणाच्या दुकानात मिळतं हे ओळखायला आधी थोडं घरचं लागतं. ताई म्हणाली, आधी जेवा.

जेवण झाल्यावर विषय स्पर्धेवर आला, आणि इथे मला बोलायला जास्त आवडतं. आमच्या धंद्यात 1982 मध्ये एनईसीसी निघाली, म्हणजे अंडेवाल्यांची राष्ट्रीय समन्वय समिती. पुढाकार व्यंकीजच्याच घरातल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या डॉ. बी. व्ही. रावांचा. व्यापारी भाव पाडायचे, म्हणून अंडेवाले एकत्र आले आणि आपला भाव आपण जाहीर करू लागले. इंग्लंडात दहा वर्षांनी बरोबर उलटं झालं. चार श्रेणींतले 92 क्लब टीव्हीचा पैसा वाटून घ्यायचे, 1992 ला वरचे 22 बाहेर पडले आणि आपली वेगळी चूल मांडली, कारण टीव्हीचा पैसा त्यांना खालच्यांशी वाटायचा नव्हता; स्काय या टीव्ही कंपनीसोबतचा त्यांचा करारच पाच वर्षांचा, 30.4 कोटी पौंडांचा झाला. पण गंमत अशी की बाहेर पडल्यावर आपसांत मात्र ते सहकारी संस्थेसारखे वागतात. देशातल्या प्रक्षेपणाचा निम्मा पैसा सगळ्यांना सारखा, पाव भाग क्रमांकानुसार, पाव भाग किती सामने दाखवले त्यानुसार. आता वीस क्लब आहेत, प्रत्येकाला एक मत आणि नियम बदलायला 14 मतं. साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत ज्याने दोन तास काढले आहेत त्याला हे लगेच कळेल.

मग भाचा नफा-तोट्याच्या नियमावर आला, 2025-26च्या हंगामापर्यंत ठेवलेल्या: तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नाही. एव्हर्टनचे 10 गुण कापले, अपिलात 6 केले, मग आणखी 2 कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4. भाच्याचं म्हणणं, हा नियम म्हणजे आधी पोट भरलेल्यांनी पंगतीला लावलेलं कुलूप. सौदी पैसा आलेल्या न्यूकॅसलला पैसा असून खर्चता येत नाही. (आमच्या धंद्यात न्यूकॅसल म्हणजे मानमोडी, राणीखेत, रोगाचं इंग्रजी नाव त्याच गावावरून पडलंय. त्या क्लबाचं नाव आलं की माझा हात लसीच्या तारखेकडे जातो.) भाच्याचा मुद्दा मला अर्धा पटतो. तरी कुलूपच नसेल तर काय होतं तेही बघितलंय. लीड्स क्लब 2001 ला युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेला, पुढच्या वर्षांच्या तिकिटविक्रीवर कर्ज काढून बसला आणि 2004 ला खालच्या श्रेणीत गेला.

खेळाडूच्या किमतीचा हिशेब मात्र मी त्याला शिकवला. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की वर्षाला दोन कोटीच खर्च दिसतो. आम्हीही पिल्लापासून पहिल्या अंड्यापर्यंतचा खर्च पुढच्या अंड्याच्या महिन्यांवर असाच पसरतो. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार केले तेव्हा मला कळलं की हे खातं कोण लिहितंय. आणि स्वतःच्या अकादमीतला पोरगा विकला की त्याची खरेदी किंमत शून्य, आलेले सगळे पैसे नफा. म्हणून घरच्याच पोरांना बाजार दाखवतात. मेसन माउंट गेला, कॉनर गॅलाघर गेला. ताईने हे ऐकलं आणि भाच्याकडे बघून म्हणाली, "तुझी किंमत काय येईल रे?"

कर्जाचा प्रकार सगळ्यात वाईट. 2005 ला ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड 79 कोटी पौंडांना घेतला, बराचसा कर्जाने, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर. म्हणजे तुझं शेड मी घेणार, पैसे बँकेचे, तारण तुझंच शेड आणि हप्ता तुझ्या अंड्यांतून. 'बरी' नावाच्या क्लबाचं तर आणखी पुढचं. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. 2018 ला नव्या मालकाने एका पौंडाला घेतला आणि 2019च्या ऑगस्टमध्ये लीगने त्याला काढून टाकलं.

म्हणून ब्लॅकबर्नच्या मालकांबद्दल माझं मन एका बाजूला झुकत नाही. त्यांच्याच काळात 2017 ला संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रेने वर्षभरात वर आणला. पण दरवर्षी पडणारं भगदाड मालकांनी आपल्या खिशातून बुजवलं, क्लब विकून पळाले नाहीत, बरीसारखं कुलूप लागू दिलं नाही. ज्यांनी खड्ड्यात घातलं तेच दोर धरून उभे आहेत. भाचा म्हणतो, हे तुमचं कोंबडीवाल्यांचं भाईबंदपण बोलतंय. असेल.

आप्पा परत आले ते 2014 ला. मी पिंपळनेरला गेलो, दारात बसलो, ते गुळाचा चहा घेऊन आले. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी आधीच विचारलं, "मका कोठला लेतस आते?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले.

गेल्या शनिवारी रात्री नऊला शेडमधले दिवे घालवले. ब्लॅकबर्नची मॅच चालू होती. मी मोबाइलवर स्कोअर बघत होतो, मध्येच भाच्याचा सिटीच्या गोलचा व्हॉइस मेसेज वाजला. अंधारातून आप्पांचा आवाज आला, "भाऊ, मोबाइल बंद करा. काही आयकू येत नही."