छायाचित्राच्या कोपऱ्यातली चिलखती नौका

मुंबई बंदराच्या जुन्या छायाचित्रांची सूची नव्याने करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी हाती आलेल्या छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने 'शिडाची जहाजे व कोळशाचा तराफा' असे लिहिलेले होते आणि जुन्या नोंदवहीतही तेच उतरवलेले होते. उजव्या कोपऱ्यातल्या त्या तराफ्यावर भिंग धरले, तेव्हा मधोमध धुराडे आणि त्याच्या पुढे-मागे एकेक गोल, डब्यासारखा उंचवटा दिसला. डेक पाण्यापासून जेमतेम एक मीटर वर होता. ते तोफांचे फिरते बुरूज आहेत हे लक्षात येताच माझा हात थरथरू लागला.

मुंबईच्या रक्षणासाठी अशा दोनच चिलखती नौका बांधल्या गेल्या होत्या, मॅग्डाला आणि ॲबिसिनिया. लंडनमध्ये टेम्सकाठी 1870 साली दोघींचे जलावतरण झाले. रॉबर्ट नेपियर यांच्या सेनापतित्वाखाली मुंबईहून गेलेल्या फौजेने 1868 साली ॲबिसिनियातला (आजच्या इथिओपियातला) मॅग्डाला किल्ला घेतला होता, त्याच मोहिमेवरून ही नावे पडली. प्रत्येकीवर 10 इंची, तोंडातून बार भरण्याच्या, 18 टनी चार तोफा होत्या. मॅग्डालाला तर इतक्या लांबच्या प्रवासासाठी तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून शिडे चढवावी लागली. पुढे तीसेक वर्षे दोघींनी या बंदरातच पहारा दिला, आणि लढाई वाट्याला न आल्यामुळे त्या विस्मरणात गेल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मेलबर्नजवळ आजही पाण्यात असलेल्या सर्बेरस या मॅग्डालाच्या भगिनीनौकेचे जुने छायाचित्र शेजारी ठेवले. ठेवण तीच होती. 1892 साली मुंबईच्या नौकांवर मागून बार भरण्याच्या 8 इंची तोफा बसवल्या गेल्या. त्यांच्या नळ्या बुरुजाबाहेर बऱ्याच पुढे आल्या असत्या, आणि इथे तर काहीच बाहेर आलेले दिसत नव्हते. त्यामुळे छायाचित्र त्याआधीचे असावे, असे मी म्हणालो. बुरुजांची तोंडे पलीकडे वळलेली असतील तर हा तर्क टिकत नाही, असे आमच्या वरिष्ठ ताईंनी दाखवून दिले, आणि ते मला पटले.

काळ म्हणून '1871 ते 1903' लिहिले, कारण 1903 च्या सुमारास दोन्ही नौका मोडीत विकल्या गेल्या. नावाच्या रकान्यात 'मॅग्डाला किंवा ॲबिसिनिया' अशी नोंद केली. जुना 'कोळशाचा तराफा' एका रेघेने खोडला, पण वाचता येईल असाच ठेवला.