अँब्युलन्स आली की पहिल्या मिनिटात काय सांगाल?

हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन, म्हणजे फॅक्टर, कमी असतं आणि ते इंजेक्शनने द्यावं लागतं. अशा रुग्णाच्या बाबतीत "मला रक्ताचा आजार आहे" एवढ्याने अँब्युलन्समधल्या माणसाला काहीच कळत नाही. त्यात ॲनिमियाही येतो आणि ब्लड कॅन्सरही. आजाराचं नाव, तीव्रता आणि इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) आहे की नाही, हे एका दमात सांगता यायला हवं: "सिव्हियर हिमोफिलिया ए, इनहिबिटर नाही. डोक्याला मार लागलाय. फॅक्टर ८ बॅगेत आहे, तो आधी द्यायचाय." रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. फोन लावतानाच सांगितलं तर कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं, तेही आधी ठरवता येतं.

"आधी" या शब्दावर अडून राहा. डोक्याला मार, मान, घसा किंवा पोटातला रक्तस्राव असा संशय असेल तर फॅक्टर पहिल्यांदा, सीटी स्कॅन त्यानंतर. डोक्यातला रक्तस्राव सुरुवातीला काहीच लक्षण न दाखवता हळूहळू वाढू शकतो. "बरा दिसतोय, बघू थोडा वेळ" इथेच मौल्यवान वेळ जातो.

अँब्युलन्समध्ये सहसा फॅक्टर नसतो, बऱ्याच कॅज्युअल्टीतही नसतो. त्यामुळे वायल (फॅक्टरची कुपी), डायल्युएंट (तो विरघळवायचं द्रव), मिक्सिंग सेट आणि बटरफ्लाय सुई एकाच बॅगेत ठेवा आणि ती बॅग रुग्णासोबतच जाऊ द्या. तिच्यात तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं (रक्तविकारतज्ज्ञाचं) सही-तारखेचं पत्र हवं. तुमच्या हातातली वायल अनोळखी डॉक्टर पत्राशिवाय सहसा टोचत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.

पत्रात डोस युनिटमध्ये स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "फॅक्टर द्या" नको. किलोमागे १ युनिट फॅक्टर ८ (हिमोफिलिया ए साठी) दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, फॅक्टर ९ (हिमोफिलिया बी साठी) दिलं की साधारण १ टक्क्याने. म्हणजे ६० किलोच्या सिव्हियर रुग्णाची पातळी १०० टक्क्यांपर्यंत न्यायला फॅक्टर ८ ची सुमारे ३,००० आणि फॅक्टर ९ ची सुमारे ६,००० युनिट्स लागतात. घाईत हा हिशेब चुकतो, ए आणि बी ची अदलाबदल झाली तर आणखीच. इनहिबिटर असेल तर नेहमीचा फॅक्टर काम करत नाही, मग कोणतं औषध द्यायचं त्याचं नाव पत्रात हवंच.

एमिसिझुमॅब (हिमोफिलिया ए मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी घेतात ते इंजेक्शन) घेत असाल तर ते पाकिटात ठेवायच्या आजाराच्या कार्डावर सगळ्यात ठळक लिहा. या औषधामुळे एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) नॉर्मल येते, पण रुग्णाला हिमोफिलिया असतोच. रिपोर्ट पाहून "रक्त ठीक गोठतंय" असं ठरवलं तर उपचार टळतो. शिवाय त्याच्यासोबत एपीसीसी (इनहिबिटर असताना देतात ते रक्त गोठवणारं औषध) दिलं तर रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर धोका आहे. औषध बंद केल्यावरही परिणाम सुमारे सहा महिने राहतो, म्हणून शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहा. व्हॉन विलब्रँड (रक्त नीट न गोठण्याचा आणखी एक आजार) असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: पीटी-एपीटीटी नॉर्मल असणं म्हणजे आजार नसणं नव्हे.

स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन नको, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको; दुखण्यावर पॅरासिटामॉल. ही ओळ कार्डावर असू द्या. दुखण्यासाठी स्नायूत इंजेक्शन ही कॅज्युअल्टीतली इतकी सवयीची गोष्ट आहे की कुणी विचारत बसत नाही.

कार्ड पाकिटात असतं आणि बेशुद्ध माणसाचं पाकीट लगेच उघडलं जाईलच असं नाही. नाडी मात्र मनगटावर नाहीतर मानेवर पाहतातच, म्हणून ब्रेसलेट किंवा गळ्यातलं पदक घाला, किचेनवर भरवसा नको. त्यावर आजार, तीव्रता, इनहिबिटर आणि एक फोन नंबर पुरे. मोबाईलमधली वैद्यकीय माहिती लॉक स्क्रीनवर दिसण्याची सेटिंग चालू करावी लागते. फोन लॉक करून इमर्जन्सीचं बटण दाबा आणि ती दिसते का ते स्वतः पाहा.

मुलांचं वजन झपाट्याने बदलतं, तसा पत्रातला डोसही. दर सहा महिन्यांनी पत्र नवीन घ्या, वायलची एक्सपायरी त्याच दिवशी तपासा, आणि जुनं पत्र बॅगेतून काढून फाडून टाका. दोन पत्रांत दोन डोस दिसले तर समोरचा डॉक्टर दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही.